गोठा बांधला, गुरांचं काय?

पुण्यात मुठेच्या नदीकाठ सुधार प्रकल्पावरून दोन तट पडले आहेत आणि दोन्ही तटांच्या सभांना मी श्रोता म्हणून जाऊन आलो आहे. पहिल्या सभेत पडद्यावर भविष्यातली मुठा दाखवली. दोन्ही काठांना दगडी पायऱ्या, सायकलवाले, एक फुगेवाला, आणि मधोमध निळंशार पाणी. (मुठा निळी कधीच नव्हती. पावसाळ्यात गढूळ आणि उन्हाळ्यात तळ दिसणारी, असं आमचे आजोबा सांगत.) दुसऱ्या सभेत तोडलेल्या झाडांचे फोटो आणि पक्ष्यांची यादी. दोन्हीकडे तास-दीड तास झाल्यावर मागच्या रांगेतून तोच प्रश्न आला, "अहो, पण आधी मैलापाण्याचं बघा की!" आणि दोन्हीकडे व्यासपीठावरून आकडाही तोच आला: अकरा नवी मैलाशुद्धीकरण केंद्रं, ३९६ एमएलडी. पहिल्या सभेत तो अभिमानाने सांगितला, दुसऱ्या सभेत "अजून पूर्ण कुठे झालंय" अशा तक्रारीच्या सुरात. एवढं ऐकलं की सभागृह गप्प होतं. एक एमएलडी म्हणजे दिवसाला दहा लाख लिटर हे बहुतेकांना ठाऊक नसतं, पण आकडा भारदस्त वाटतो आणि माईक पुढच्या माणसाकडे जातो.

माझं म्हणणं असं की हा आकडाच आपल्याला फसवतोय. नदीकाठ सुधार हवा म्हणणारे आणि नको म्हणणारे, दोघंही त्याच आकड्याला टेकून भांडतात, म्हणून भांडण जागचं हलत नाही. मैलाशुद्धीकरण केंद्राची क्षमता सांगणं म्हणजे गोठा किती बाय किती आहे ते सांगणं. दूध किती निघालं ते गोठ्याच्या मापावरून कळत नाही. एखादं शहर आपल्या सांडपाण्याचं नेमकं काय करतं हे कळायच्या जागा दोनच. घराबाहेरच्या चेंबरपासून निघालेला मैला केंद्रापर्यंत पोचतो का, ही पहिली. केंद्रातून सुटलेलं पाणी ज्याच्या पदरात पडतं त्याला ते नाकारता येतं का, ही दुसरी. दुसरी मला जास्त महत्त्वाची वाटते, आणि पुण्यात तिच्याबद्दल जवळजवळ कुणीच बोलत नाही.

गोठ्याची उपमा मी शोभेसाठी वापरलेली नाही. आमच्या सोसायटीच्या तळघरात, पार्किंगच्या टोकाला, एक छोटा एसटीपी, म्हणजे सोसायटीपुरतं मैलाशुद्धीकरण केंद्र, आहे. जाळीचं दार, आत दोन टाक्या, भिंतीलगत हवा फुंकणारा ब्लोअर आणि हे सगळं बघणारा एक ऑपरेटर. मी कमिटीवर आलो त्या आठवड्यात त्याने मला काचेचा एक लिटरचा नळा दाखवला. हवा सोडलेल्या टाकीतलं तपकिरी पाणी त्यात भरायचं आणि अर्धा तास नळ्याला हात लावायचा नाही. केंद्र ठणठणीत असलं तर गाळ दह्यासारखा एकसंध खाली बसत जातो, अडीचशे-तीनशेच्या खुणेपाशी थांबतो, आणि वरचं पाणी इतकं नितळ होतं की नळ्याच्या मागे धरलेल्या वर्तमानपत्राचा मथळा वाचता येतो. वास ओल्या मातीचा. केंद्र आजारी असलं की गाळ बसत नाही किंवा काळा पडून वर येतो, आणि कुजक्या अंड्यांचा वास सुटतो. तो गाळ म्हणजे कोट्यवधी जिवंत जिवाणू. मैला त्यांचा चारा, ब्लोअरची हवा त्यांचा श्वास. नवं केंद्र सुरू करताना चालू केंद्रातला थोडा गाळ टँकरने आणून टाकतात. आमचा ऑपरेटर त्याला सरळ "विरजण" म्हणतो, आणि याहून नेमका शब्द मला कुठल्याही अहवालात सापडलेला नाही.

ही युक्ती शंभर वर्षांहून जुनी आहे. १९१४ साली मँचेस्टरच्या डेव्हीह्यूम इथे आर्डर्न आणि लॉकेट या दोघांनी मैल्यात हवा सोडून पाहिली. त्यांचं वेगळेपण एवढंच की प्रत्येक प्रयोगानंतर तळाशी बसलेला गाळ त्यांनी फेकला नाही, पुढच्या घाणीत पुन्हा घातला. जे काम आधी आठवडे खात होतं ते काही तासांवर आलं. जगातली बहुतेक मोठी केंद्रं आजही याच तत्त्वाची पोटभेद आहेत. तेव्हा "कोणतं तंत्रज्ञान वापरणार?" हा आपल्या सभांमधला लाडका प्रश्न बऱ्यापैकी निकाली निघालेला आहे. खरा प्रश्न गुरं राखण्याचा आहे: रोज, रात्री, दिवाळीत, वीज गेल्यावर.

मी कमिटीवर येण्याआधी आमच्याकडच्या एका हुशार सभासदाने वीजबिल कमी करायचा उपाय काढला होता. रात्री अकरा ते सकाळी सहा ब्लोअर बंद. बिल खरंच उतरलं, वार्षिक सभेत टाळ्या पडल्या. सात तास श्वास कोंडलेली ती जनावरं सकाळी अर्धमेली असायची आणि बाहेर पडणारं पाणी मैल्याचंच, फक्त थोडं पातळ. कागदावर मात्र आमच्या एसटीपीची क्षमता एका लिटरनेही घटली नव्हती. कुणी विचारलं असतं तर आम्ही शपथेवर सांगितलं असतं की आमचं शंभर टक्के सांडपाणी "प्रक्रियेखाली" आहे.

एका सोसायटीची गोष्ट देशाला लावू नये हे खरं, म्हणून देशाचेच आकडे बघू. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २०२१ मध्ये शहरी भारताचा हिशेब मांडला. रोज तयार होणारं सांडपाणी ७२,३६८ एमएलडी. बांधून ठेवलेली क्षमता ३१,८४१. त्यातली चालू २६,८६९. आणि प्रत्यक्षात प्रक्रिया होत होती ती २०,२३६ एमएलडीवर. म्हणजे जे गोठे बांधून तयार होते त्यांतलेही एक तृतीयांशाहून जास्त रिकामे. एकीकडे क्षमता कमी पडते म्हणून ओरड, दुसरीकडे असलेली क्षमता वापराविना पडून. तरीही प्रत्येक शहराचं उत्तर एकच: आणखी क्षमता बांधू.

आता दुसऱ्या बाजूचं सर्वांत भक्कम म्हणणं मान्य करायला हवं. क्षमताच नसेल तर पुढचं सगळं बोलणं फोल आहे, असं जे म्हणतात ते चूक नाहीत. पुणं फुगत गेलं, २०१७ मध्ये अकरा गावं आणि २०२१ मध्ये आणखी तेवीस गावं महापालिकेत आली, जुनी केंद्रं त्यांना पुरणार नव्हतीच. जपानच्या जायका या मदतसंस्थेच्या कर्जातून अकरा केंद्रं बांधायचा निर्णय योग्य होता, आणि तो घेतला नसता तर आज मी आणखी तावातावाने लिहीत असतो. पण त्या निर्णयाचं पुढे काय झालं ते पाहा. जानेवारी २०१६ मध्ये मंजुरी, खर्च ९९० कोटी, काम संपवायची मुदत जानेवारी २०२२. मुदत उलटून दोन महिने झाल्यावर, मार्च २०२२ मध्ये, पायाभरणी झाली आणि तोवर खर्च १,४७० कोटींच्या वर गेलेला होता. सहा वर्षं निविदा, फेरनिविदा, जागा, न्यायालय यांत गेली. बांधायच्याच कामाला ज्या यंत्रणेला एवढा वेळ लागतो, ती बांधून झाल्यावर रोज रात्री ब्लोअर चालू आहे का ते बघेल, यावर विश्वास कशाच्या जोरावर ठेवायचा? बांधकामाला निदान नारळ फोडायचा मुहूर्त असतो. विजेच्या बिलाला कोण नारळ फोडतो?

हा धडा आपण एकदा गिरवून झालेला आहे. १४ जून १९८६ ला वाराणसीत गंगा कृती योजनेची सुरुवात झाली. केंद्रं उभी राहिली, पंपघरं उभी राहिली, आणि घाटांवर राहणाऱ्यांना लवकरच कळलं की वीज गेली की पंप थांबतात आणि पंप थांबले की मैला जुन्या वाटेने गंगेत उतरतो. बांधायला केंद्र सरकारचा पैसा होता, चालवायला पालिकेकडे नव्हता. पुढे नमामि गंगेत निदान करार बदलला: ठेकेदाराला बांधकामाच्या वेळी खर्चाचे ४० टक्के, उरलेले ६० टक्के पुढच्या १५ वर्षांत, आणि तेही केंद्र नीट चाललं तर. सगळं काही साधलं असं नाही, पण एक गोष्ट मान्य झाली: पैसे दुधाचे द्यायचे, गोठ्याचे नाहीत. ही समज यायला तीस वर्षं गेली.

आता पहिली जागा: चेंबरपासून केंद्रापर्यंत. इथे माझं नदीप्रेमी मित्रांशीही भांडण आहे. ते नदी बघतात, आणि नदीत मिसळणारा नाला बघतात. नाल्याच्या वरचं फारसं बघत नाहीत. जानेवारी २०२५ मध्ये सिंहगड रस्त्याच्या पट्ट्यात, नांदेड गाव, किरकिटवाडी, धायरी या भागांत, गुईयाँ-बारे सिंड्रोमचे रुग्ण एकापाठोपाठ एक सापडू लागले. धडधाकट माणसांचे पाय लुळे पडत होते, काही व्हेंटिलेटरवर गेले, काही दगावले. रुग्णांचा आकडा दोनशेच्या पुढे गेला. काही रुग्णांच्या नमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर जेजुनी हा जिवाणू मिळाला आणि संशय पाण्यावर गेला. काहींनी कोंबड्यांकडेही बोट दाखवलं. या गावांचा नकाशा डोळ्यांसमोर आणा: खडकवासला धरण हाकेच्या अंतरावर. धरण उशाला आणि कोरड घशाला ही म्हण आपण सहज वापरतो. इथे धरण उशाला होतं आणि घशाशी काय आलं याची तपासणी प्रयोगशाळेत चालली होती. समाविष्ट गाव म्हणजे काय ते तिथे राहिल्याशिवाय कळत नाही. इमारती बारा मजली, रस्ता ग्रामपंचायतीच्या काळातला, ड्रेनेज ओढ्यात. पाण्याची नळी आणि मैल्याची नळी एकाच चरात शेजारी-शेजारी. अशा ठिकाणचा मैला केंद्रापर्यंत पोचतच नसेल तर केंद्र ३९६ एमएलडीचं असो की ७९६ चं, तिथल्या माणसाच्या लेखी दोन्ही सारखंच.

हे भूमिगत काम कुणालाच नको असतं. रस्ता खणावा लागतो, व्यापारी ओरडतात, खणल्यावर जुन्या नकाशात नसलेली लाइन सापडते, आणि सगळं झाल्यावर वर डांबर पडतं व दाखवायला काहीच उरत नाही. आणि त्या लाइनमध्ये उतरायची वेळ आली की कोण उतरतं हे आपल्याला पक्कं ठाऊक असतं. हाताने मैला काढण्याविरुद्ध १९९३ चा कायदा आहे, २०१३ चा आहे, ऑक्टोबर २०२३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने गटारात मृत्यू झाल्यास ३० लाखांची भरपाई ठरवली. तरी चेंबर तुंबल्यावर सोसायटीचा सेक्रेटरी ज्याला फोन लावतो त्याचं आडनाव आपण न विचारता सांगू शकतो. सांडपाण्यावरची चर्चा आपल्याकडे नदीच्या काठावर रंगते आणि चेंबरच्या झाकणापाशी बंद पडते, यात जातीचा हात आहे असं मला वाटतं. काठ शोभिवंत विषय आहे. झाकणाखालचा विषय काढला की घरातसुद्धा "जेवताना नको" असं ऐकावं लागतं.

नदीकाठ सुधारवाल्यांचा एक मुद्दा मात्र मी गंभीरपणे घेतो. ते म्हणतात, काठच्या बांधकामातच मैला अडवणाऱ्या मोठ्या वाहिन्या टाकल्या जाणार आहेत, आणि लंडननेही हेच केलं. बरोबर आहे. १८५८ च्या उन्हाळ्यात थेम्सचा दर्प पार्लमेंटच्या खिडक्यांतून आत आला, खासदारांना बसवेना, आणि जोसेफ बॅझलजेट या अभियंत्याला मैल्याच्या वाहिन्यांसाठी पैसे मंजूर झाले. आज पर्यटक ज्या व्हिक्टोरिया एम्बँकमेंटवर फिरतात त्याच्या पोटात मैल्याची वाहिनी आहे. पण गोष्टीचा पुढचा अंक सभेत कुणी सांगत नाही. बॅझलजेटने घाण शुद्ध केली नव्हती, शहराच्या खाली नेऊन सोडली होती. ३ सप्टेंबर १८७८ ला प्रिन्सेस ॲलिस नावाची प्रवासी बोट नेमकी त्याच पट्ट्यात दुसऱ्या जहाजावर आदळून बुडाली, तेव्हा नुकताच पूर्वेकडच्या मुखांतून मैला सोडलेला होता. सहाशेहून जास्त माणसं त्या पाण्यात मेली. त्यानंतर लंडनला घाण नुसती पुढे ढकलण्याऐवजी तिचं काहीतरी करायची सुबुद्धी झाली. जवळचं उदाहरण हवं असेल तर अहमदाबाद घ्या, ज्याच्याकडे बोट दाखवून आपला आराखडा बेतला गेला. तिथला देखणा काठ वासणा बंधाऱ्याच्या वर आहे आणि त्यातलं पाणी नर्मदा कालव्याचं. बंधाऱ्याच्या खालच्या साबरमतीतलं प्रदूषण एवढं होतं की २०२१ मध्ये गुजरात उच्च न्यायालयाने आपणहून दखल घेतली. वरच्या अंगाचा फोटो आणि खालच्या अंगाचं पाणी, यांतलं आपल्याकडे काय येणार आहे?

पुण्याच्या खाली कोण आहे ते एकदा रांगेने म्हणून बघू. मुळा-मुठा संगमावरून मुंढवा, लोणी काळभोर ओलांडते, रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते, भीमा उजनीत जाते, उजनीचं पाणी सोलापूर पितं, आणि धरणाखाली तीच भीमा पंढरपूरला चंद्रभागा होते. दर आषाढी वारीला तुकोबांची पालखी लोणी, यवत, इंदापूर करत पंढरीला निघते. पुणेकर रस्त्यावर रांगोळ्या घालतात, वारकऱ्यांचे पाय चेपतात, राजगिऱ्याचे लाडू वाटतात. त्याच माणसाने सकाळी संडासात ओतलेलं पाणी त्याच दिशेने निघालेलं असतं. वारकरी वाळवंटात उतरून ते पाणी डोक्यावर घेतो. हे मी कुणाच्या भावना दुखवायला लिहीत नाही. नकाशाच तसा आहे.

उजनीत येणारं सगळं पुण्याचं नाही, हेही खरं. पिंपरी-चिंचवड आहे, वाटेतली गावं आहेत, कारखाने आहेत, उसाच्या शेतांतून उतरणारं युरियाचं पाणी आहे. काही शेतकरी तर सांडपाणी मागून घेतात, त्यातलं नत्र त्यांना खताच्या पोत्यापेक्षा स्वस्त पडतं. "एकट्या पुण्याला का धरता?" हा प्रश्न म्हणून रास्त आहे. पण हा बचाव जगात आधी एका शहराने केला आहे. १९०० मध्ये शिकागोने कालवा खणून आपली नदीच उलटी फिरवली: पिण्याच्या पाण्याचं सरोवर वाचलं, मैला मिसिसिपीकडे निघाला. खालच्या अंगाच्या मिसूरी राज्याने दावा लावला. १९०६ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. कारणं दोन: विषमज्वराचे जंतू शेकडो मैल टिकून सेंट लुईसला पोचतात हे सिद्ध झालं नाही, आणि मिसूरीची शहरंही त्याच नद्यांत मैला सोडत होती. शिकागो जिंकलं ते नदी स्वच्छ होती म्हणून जिंकलं नाही. खालच्याकडे पुरावा नव्हता आणि खालचाही धुतल्या तांदळासारखा नव्हता, एवढ्यावर जिंकलं. पुण्याला असा विजय हवा आहे का?

माझा मुख्य मुद्दा हाच आहे, आणि तो सर्वांत नीट कळतो तो जिथे सांडपाणी खरंच नीट हाताळलं जातं त्या ठिकाणी. कोलकात्याच्या पूर्वेला साडेबारा हजार हेक्टरची पाणथळ आहे. शहराचा मैला तिथल्या उथळ तलावांत जातो, ऊन आणि शेवाळ त्याचं काम करतात, आणि त्यावर मासे वाढतात. ध्रुबज्योती घोष नावाच्या अभियंत्याने या पाणथळीचं मोल जगासमोर मांडलं, २००२ मध्ये तिला आंतरराष्ट्रीय महत्त्वाची पाणथळ म्हणून रामसर दर्जा मिळाला. आमचे निसर्गवादी मित्र हे उदाहरण "बघा, यंत्र नको, निसर्ग पुरे" म्हणून देतात. मला त्यात वेगळंच दिसतं. तिथे मैल्याला गिऱ्हाईक आहे. पाणी कमी आलं किंवा त्यात नको ते रसायन आलं तर मासेमाराचं पोट जातं, म्हणून तो दारात येऊन बोंबलतो. आता नागपूर घ्या. तिथे सगळी यंत्रंच आहेत: भांडेवाडीच्या केंद्रातलं पाणी पाइपाने कोराडीच्या औष्णिक वीजकेंद्राला जातं, करार १३० एमएलडीचा. पाणी खराब गेलं तर शीतकरणाच्या मनोऱ्यांत थर बसतील, म्हणून वीजकेंद्र ते तपासून घेतं. एकीकडे शेवाळ, एकीकडे पाइप, दोन टोकं; सारखी आहे ती पाणी घेणाऱ्याची नजर.

पुण्यालाही गिऱ्हाईक आहे, आणि कोराडीहून कितीतरी मोठं. खडकवासला साखळीतून शहर आपल्या मंजूर कोट्याहून जास्त पाणी उचलतं. त्याच्या बदल्यात महापालिकेने वर्षाला साडेसहा टीएमसी (अब्ज घनफूट) प्रक्रिया केलेलं पाणी मुंढव्याच्या जॅकवेलमधून, म्हणजे नदीकाठच्या उपसा विहिरीतून, जुन्या कालव्यात द्यायचं ठरलेलं आहे. लोक त्याला बेबी कॅनॉल म्हणतात. हवेली, दौंडच्या शेतकऱ्यांनी धरणाचं गोडं पाणी सोडायचं आणि आमचं वापरलेलं घ्यायचं. सौदा कागदावर वाईट नाही. पाण्याच्या टंचाईत असाच सौदा करावा लागतो. पण जॅकवेल पाणी उचलतं ते नदीतून, आणि नदीत प्रक्रिया केलेलं आणि न केलेलं दोन्ही येतं. शेतकऱ्याने कालव्यावर उभं राहून "हे काळं आहे, घेत नाही" म्हटलं तर काय होतं? काही होत नाही. कोराडीच्या अभियंत्याकडे करार आहे, दौंडच्या शेतकऱ्याकडे मोर्चा आहे. बीओडी किती असावा, म्हणजे पाण्यातली घाण किती प्राणवायू खाईल, यावर दिल्लीत वर्षानुवर्षं वाद चालतो. २०१७ च्या अधिसूचनेत मोठ्या शहरांना लिटरमागे २० मिलिग्रॅम आणि इतरांना ३० ची मुभा होती, ३० एप्रिल २०१९ ला हरित लवादाने १० सांगितला. मुंढव्याला तो किती आहे हे ज्याच्या विहिरीत ते पाणी झिरपणार आहे त्याला मोजू दिलं, तर वाद बराच लवकर संपेल.

आमच्या तळघरातलं प्रकरणही असंच सुटलं, ते ना मी सोडवलं ना प्रदूषण मंडळाने. तळमजल्यावरच्या काकूंच्या खिडकीखाली बाग आहे आणि बागेला एसटीपीचं पाणी जातं. रात्रीचे ब्लोअर बंद झाल्यापासून सकाळी पाणी सोडलं की काकूंच्या स्वयंपाकघरात वास शिरायचा. त्यांनी तक्रारवहीत तारखा आणि वेळा लिहायला सुरुवात केली. तिसऱ्या आठवड्यात वही घेऊन त्या कमिटीच्या बैठकीत आल्या आणि वीज वाचवणाऱ्या हुशार सभासदाला म्हणाल्या, "तुमची बाल्कनी सातव्या मजल्यावर आहे ना, उद्या सकाळी चहाला माझ्याकडे या." ब्लोअर त्याच रात्री सुरू झाले. बिल वाढलं ते सगळ्यांनी वाटून घेतलं, कुरकुर केली आणि विसरलो.

खर्चाचा आक्षेप यावर येणारच: ब्लोअर, पंप, माणसं, चाचण्या, यांचे पैसे कोण देणार? आपणच. मिळकतकराच्या बिलात जलनिस्सारणाची ओळ आजही असते, आणि मैल्याचे पैसे भरतो म्हणजे तो आपल्या लेखी संपला, अशी आपली समजूत असते. दुसरा आक्षेप जास्त टोकदार आहे. शहराच्या ठेकेदाराचं बिल पास करायचं की नाही यात दौंडच्या, सोलापूरच्या माणसाने का बोलावं? शहराची स्वायत्तता काही आहे की नाही? आहे. पण त्या स्वायत्ततेचं काय झालं तेही आपण पाहिलं: मार्च २०२२ पासून पुढे कित्येक वर्षं महापालिकेत नगरसेवकच नव्हते, आणि या काळात मैलाशुद्धीकरणावर सभागृहात एकही प्रश्न विचारणारं कुणी नव्हतं. आणि खालच्यांनी शहराच्या पाण्यात बोलू नये असं म्हणायला आपल्याला उशीर झाला आहे. स्वच्छ पाण्याच्या बाबतीत ते आजही बोलतात. खडकवासल्याची कालवा सल्लागार समिती बसते तेव्हा दौंड-इंदापूरचे लोकप्रतिनिधी टेबलाला असतात, पुण्याला किती आणि शेतीला किती आवर्तनं यावर तावातावाने घासाघीस होते, पालकमंत्री मध्यस्थी करतात, दुसऱ्या दिवशी पेपरात मथळा येतो. धरणातून सुटणाऱ्या पाण्यावर जे एकत्र बसतात, त्यांनी शहरातून सुटणाऱ्या पाण्यावर बसू नये असा कुठला नियम आहे? समिती तीच, माणसं तीच, विषयपत्रिकेवर एक विषय वाढवायचा: मुंढव्याचं गेल्या तीन महिन्यांचं पाणी, खालच्यांनी मोजलेलं, आणि ते ठरल्यापेक्षा वाईट असेल तर केंद्र चालवणाऱ्याच्या बिलातून कपात.

रब्बीच्या आवर्तनासाठी बैठक बसेलच. आमच्या ऑपरेटरकडे एक लिटरचा जादा नळा आहे, तो मी द्यायला तयार आहे. बैठक सुरू होताना अकरापैकी कुठल्याही एका केंद्रातलं पाणी त्यात भरून टेबलावर ठेवावं. गाळ बसायला अर्धा तास लागतो, आणि अर्धा तास तर तिथे चहालाच जातो.